सैल कवळीला कापसाचा आधार नको

कवळीबद्दलची पत्रे बरीच साचली आहेत आणि बहुतेकांत गोंधळ तोच आहे. म्हणून आजचे सगळे सदर कवळीसाठी.

वडिलांचे वरचे सगळे दात काढायला सांगितले आहेत. नातेवाईक म्हणतात, वरच्या दाढा काढल्या की नजर जाते. खरे आहे का? (वाचक, सिन्नर)

नाही. दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. या भीतीने लोक किडलेले, पू झालेले दात वर्षानुवर्षे तोंडात ठेवतात, अपाय त्याने होतो. वडिलांना मधुमेह, रक्तदाब असेल किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर ते दात काढण्याआधी डॉक्टरांना सांगा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

दात काढल्यावर कवळी किती दिवसांनी बसते? ‘एका दिवसात कवळी’ अशी जाहिरात पाहिली. (वाचक, सिडको)

जखम भरून हिरडी स्थिरावायला साधारण दीड ते तीन महिने लागतात. दात काढल्याबरोबर बसवायची कवळीही असते, आणि ती पद्धत शास्त्रीय आहे. पण तिचे माप दात काढण्याआधीच घेतलेले असते. पुढे हिरडी आकसते, कवळी सैल होते आणि आतून पुन्हा भरून घ्यावी लागते. जाहिरातीत हे लिहिलेले नसते. नेहमीच्या पद्धतीत चार-पाच खेपा होतात. त्यातली मेणावर दात लावून पाहण्याची खेप चुकवू नका, आणि त्या दिवशी घरचे कोणी सोबत आणा. दात फार पुढे आलेत, ओठ फुगलाय, हे घरच्यांच्या लगेच लक्षात येते आणि तेव्हा ते बदलता येते. जत्रेत किंवा फुटपाथवर दात बसवणाऱ्यांकडे तर जाऊच नका. खर्चाची अडचण असेल तर पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात चौकशी करा. तिथे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली कवळ्या केल्या जातात.

रात्री कवळी काढून ठेवावी का?

हो. मऊ ब्रश आणि साध्या साबणाने घासून साध्या पाण्यात बुडवून ठेवा. टूथपेस्टने चरे पडतात, उकळत्या पाण्याने ती वाकडी होते.

आईचे वय ७४. कवळी चौदा वर्षांपूर्वीची. खालची सारखी उचलली जाते, म्हणून ती खाली कापूस घालते, कधी मेडिकलमधली पावडर लावते. ‘चालतंय ना’, म्हणते. द्राक्षाचा हंगाम संपला की दाखवायला आणू का? (वाचक, निफाड)

नाही, या आठवड्यात आणा.

दात गेले की ते धरून ठेवणाऱ्या हाडाचे कामच संपते आणि ते झिजू लागते. पहिल्या वर्षी सर्वांत जास्त, मग सावकाश, पण जन्मभर. खालचा जबडा तर वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतो. वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार असतो. खालची बसते घोड्याच्या नालेसारख्या अरुंद पट्टीवर, आणि मधून जीभ तिला सतत ढकलत असते. चौदा वर्षांत आईचा जबडा बदलला, कवळी तीच राहिली. कापूस घातला की दाब एकाच जागी पडतो आणि हाड तिथे आणखी झिजते. पावडर चांगल्या बसलेल्या कवळीला जोड म्हणून ठीक, पण चुकलेले माप तिने भरून निघत नाही.

दिंडोरीकडच्या एका आजींची कवळी मी काढली, तेव्हा आतल्या बाजूला पावडरीचा पिवळट थर दगडासारखा घट्ट बसला होता. टाळू लालभडक, आणि त्या लालीची कड हुबेहूब कवळीच्या कडेसारखी, जणू कोणी आखून घेतली होती. बुरशीचा संसर्ग होता. रात्रंदिवस कवळी तोंडात, आणि दुखत नाही म्हणून दोन वर्षे कोणाला दाखवले नव्हते.

सैल कवळी घासून हिरडीवर मांसाची घडी वाढते, जखमाही होतात. कवळी काढून ठेवूनही दोन आठवड्यांत न भरणारी जखम ‘कवळी लागली असेल’ म्हणून सोडू नका, विशेषतः मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल तर. तिथला तुकडा काढून तपासावा लागू शकतो, कारण कॅन्सर सुरुवातीला दुखतोच असे नाही.

आईची कवळी आतून भरून चालेल की नवी लागेल, हे तोंड आणि एक्स-रे पाहूनच सांगता येईल. हाड पुरेसे असेल तर खाली दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे स्क्रूसारखे खुंट, घालून त्यांवर कवळी अडकवता येते, खूप फरक पडतो. हे मी कळकळीने लिहितो, कारण माणसे येतात तेव्हा अनेकदा आधार घ्यायला हाडच उरलेले नसते. आई भाकरी दुधात कुस्करून खात असेल, तर तिचे ‘चालत’ नाही, तिने सोसायची सवय लावून घेतली आहे.

‘न तुटणारी’ मऊ कवळी, आजीवन गॅरंटी. घ्यावी का?

पूर्ण कवळीसाठी ती सहसा पहिली निवड नसते. ती घासून दुरुस्त करणे आणि आतून भरणे अवघड जाते. गॅरंटी प्लास्टिकची असते, जबडा मात्र बदलत राहतो. आधी प्रोस्थोडॉन्टिस्टना, म्हणजे कृत्रिम दातांच्या तज्ज्ञांना दाखवा.

कवळी मधोमध तुटली. घरी गोंदाने चिकटवू का?

नको. दोन्ही तुकडे जसेच्या तसे घेऊन या.

नवी कवळी बसवून आठ दिवस झाले. ‘स’ म्हणताना शिट्टी वाजते, एका बाजूला टोचते. मिसळ कधी खाता येईल? (वाचक, नाशिकरोड)

जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात. रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. सुरुवातीला मऊ भात, खिचडी, लहान घास, दोन्ही बाजूंनी एकदम चावणे. पुढच्या दातांनी पाव तोडू नका, रश्श्यात भिजवून खा. फरसाणाला अजून वेळ आहे. टोचते ते घरी कानशीने घासू नका, आम्हाला दाखवा. फार दुखते म्हणून कवळी काढून ठेवली असेल, तरी येण्याआधी काही तास ती घालून या. नाहीतर हिरडीवरची खूण पुसली जाते आणि नेमके कुठे घासायचे ते आम्हाला दिसत नाही.