ऑक्टोबरच्या मध्यावर आई-बाबांना अटलांटाहून स्मोकी पर्वतातल्या कुवोही शिखरावर न्यावं का? तेव्हा वर हवा कशी असते? बाबांचे गुडघे दुखतात.

नक्की न्या. आम्ही शार्लटहून चारही ऋतूंत तिकडे जातो, आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांसाठी मला ऑक्टोबरच सगळ्यात आवडतो. उन्हाळ्यात दुपारी गडगडाटासह पाऊस येतो आणि दूरचं सगळं धुरकट दिसतं. सप्टेंबर-ऑक्टोबर त्या मानाने कोरडे असतात.

कपडे मात्र चेरोकी किंवा गॅटलिनबर्ग गावाचं हवामान बघून भरू नका. कुवोही 6,643 फूट उंच आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा बाराशे फूट वर. पायथ्यापेक्षा तिथे 6 ते 11 अंश सेल्सिअस थंड असतं, शिवाय वारा. खाली लोक टी-शर्टात फिरत असले तरी वर कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट लागतंच. माथ्यावर वर्षाला 85 इंच पाऊस पडतो, साधारण मुंबईइतका, पण तो बाराही महिन्यांत विखुरलेला. त्यामुळे कोरड्या महिन्यातसुद्धा प्रत्येकाचा रेनकोट गाडीत असू द्या. निघायच्या आदल्या रात्री हवामान बघताना गावाचा नाही, शिखराचा अंदाज उघडा. जुन्या नकाशांत त्याचं नाव क्लिंगमन्स डोम असं सापडेल. इथल्या मूळ अमेरिकी चेरोकी लोकांच्या मागणीवरून सप्टेंबर 2024 मध्ये कुवोही हे मूळ नाव परत मिळालं. त्यांच्यासाठी हा डोंगर पवित्र आहे. 1838 मध्ये त्यांना सक्तीने पश्चिमेला हाकललं गेलं, तेव्हा काही कुटुंबं याच डोंगररांगांत लपून राहिली. आई-बाबांना हे वर जाण्याआधी सांगा, डोंगराकडे बघायची नजर बदलते.

आता गुडघे. पार्किंगपासून माथ्यावरच्या निरीक्षण मनोऱ्यापर्यंत अर्धा मैल डांबरी वाट आहे. पायऱ्या नाहीत, पण चढ चांगलाच खडा आहे, एवढ्याशा अंतरात 330 फूट. वाटेत बसायला बाकं आहेत. 1959 चा काँक्रीटचा मनोराही गोल फिरत जाणाऱ्या उतरणीचा आहे, त्यालाही पायऱ्या नाहीत. दम लागला तर थांबता येतं. गुडघ्यांना खरा त्रास उतरताना होतो, म्हणून बाबांना काठी द्या आणि घाई करू नका. व्हीलचेअर मात्र या चढावर चालत नाही. आणि बाबा म्हणाले, मी पार्किंगपाशीच बसतो, तर बसू द्या. निळसर रांगांमागे रांगा तिथूनही सुंदर दिसतात.

पानांच्या रंगांबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. माथ्यावर सूचिपर्णी जंगल आहे, स्प्रूस आणि फ्रेझर फरचं. ते बारमाही हिरवं असतं, लाल-पिवळं होत नाही. वरच्या भागातली बर्च आणि बीचची झाडं ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात रंगतात, आणि मग तो रंग उतारावरून खाली सरकत नोव्हेंबरच्या सुरुवातीला दऱ्यांत पोचतो. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा खरा बहर मधल्या उंचीवर असेल. न्यूफाउंड गॅपच्या घाटरस्त्यावर मुद्दाम वेळ ठेवा, जागोजागी थांबायला जागा आहेत. माथ्यावर मध्येच पांढरी पडलेली, वाळकी खोडं दिसतील. ती आगीने जळालेली नाहीत. युरोपातून आलेल्या एका बारीक किडीने फरची जुनी झाडं मारली. मला ती खोडं बघून दर वेळी वाईट वाटतं, पण त्यांच्याखाली कोवळे फर उगवलेलेही असतात, तेही बघा.

शनिवार-रविवार शक्यतो टाळा. ऑक्टोबरात सकाळी दहापर्यंत पार्किंग भरलेलं असतं, आणि आई-बाबांना गाडीत ताटकळत बसवण्यात अर्थ नाही. चेरोकीत मुक्काम करून उजाडता निघालात तर उत्तम. हा सगळा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो. प्रवेश फुकट आहे, पण पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाडी लावायची तर पार्किंगचा टॅग लागतो, दिवसाला 5 डॉलर. तो छापील हवा, फोनवरचा चालत नाही. चेरोकीजवळच्या ओकोनालुफ्टी पर्यटक केंद्रात मिळतो. पेट्रोल गावातच भरा, आत पंप नाही. फोनलाही बहुतेक ठिकाणी रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. डबा खाऊन झाला की उरलेलं सगळं गाडीत बंद करा, कारण अस्वलं खरोखर आहेत. दिसलं तर निदान 150 फूट लांब राहा.

वर ढग बसले असतील तर थोडं थांबून बघा, तासाभरात फाटतात कधीकधी. नाहीच फाटले तर खाली ओकोनालुफ्टी नदीकाठची सपाट वाट धरा. बाबांना ती सहज जमेल, आणि शेजारच्या गवताळ मैदानात सकाळ-संध्याकाळ एल्क, म्हणजे मोठी हरणं, चरायला येतात. काही कारणाने बेत पुढे गेला, तर नोव्हेंबरअखेरच्या आत उरका. 1 डिसेंबर ते 31 मार्च शिखराकडचा सात मैलांचा रस्ता गाड्यांना बंद असतो.