घर बदललं, नोकरी सुटली, मुलगा बाहेर गेला. विणकाम शिकले तर मन रमेल का?

ताई, मिस्टरांच्या बदलीमुळं तुम्ही साताऱ्याहून सांगलीला आलात, त्यात शाळेतली नोकरी सुटली, मुलगा पुण्याला होस्टेलवर गेला. आता विणकामात मन रमेल का, स्वेटरनं सुरुवात करू का आणि सांगलीच्या उन्हाळ्यात लोकर हातात धरवेल का, असं तुम्ही विचारलंय. मन रमतं. स्वेटर मात्र अजिबात नको. उन्हाळ्याचं नंतर बघू, कारण मला बोलायचंय ते स्वेटरवर.

'स्वेटरच घाल, म्हणजे काहीतरी पदरात पडेल' असं सांगणाऱ्या बायका घरोघरी असतात. आमच्याकडं थोरल्या जाऊबाई आहेत. विणलेलं अंगात गेलं पाहिजे, नाहीतर लोकरही वाया आणि वेळही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ज्यांची घडी नीट बसलेली आहे त्यांनी खुशाल ऐकावं. पण ज्यांचं सामान नुकतंच टेम्पोतून उतरलंय त्यांनी कुणाच्याही मापाचं काही विणू नये. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, यात साधा हिशोब आहे.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचा स्वेटर घ्या. काकांसाठी घातलेला, बिनबाह्यांचा, ॲक्रिलिक लोकर, बॉर्डर १० नंबरच्या सुयांवर आणि अंग ८ नंबरवर. पाठीला ११० टाके, पुढच्या भागालाही ११०. वेष्टनावर १० सेंटीमीटरला २२ टाके लिहिलेले, म्हणजे प्रत्येक भाग ५० सेंटीमीटर रुंद यायला हवा. पाठ विणली तासगावच्या जुन्या घरी. मग काका निवृत्त झाले, घर विकलं, सांगलीत फ्लॅटमध्ये आले आणि पुढचा भाग इथं विणला गेला. सुया त्याच, लोकर त्याच लॉटची. जोडायला घेतल्यावर पाठ भरली ५२ सेंटीमीटर आणि पुढचा भाग ४८ च्या आत.

रुंदीचं एक वेळ चालून गेलं असतं, कारण दोन्हींची बेरीज १०० च्या आसपास होतच होती. खरा घोळ उंचीत झाला. मुंड्यापर्यंत, म्हणजे बगलेपर्यंत, १०० ओळी मोजून विणलेल्या. सैल हाताच्या पाठीत १० सेंटीमीटरला २७ ओळी बसल्या होत्या, घट्ट हाताच्या पुढच्या भागात ३०. म्हणजे पाठ ३७ सेंटीमीटर आणि पुढचा भाग ३३. बाजूची शिवण घातली की पाठीला चुण्या, पुढून स्वेटर पोटावर चढलेला आणि खांदे पुढं ओढलेले.

दोष आधी लोकरीला दिला, मग धुण्याला. वास्तविक दोष कुणाचाच नव्हता. माणूस ताणात असला की खांदे वर जातात, करंगळीभोवती लोकरीचा वेढा जास्त आवळला जातो आणि टाका सुईच्या जाड अंगावर न बनता निमुळत्या टोकावरच बनतो. टोकावर बनलेला टाका लहानच होणार. हात रोज बदलतो, आणि आयुष्यात उलथापालथ चालू असताना तर फारच बदलतो. मापाच्या कपड्यात तो फरक सेंटीमीटरमध्ये दिसतो. छाती ९० हवी म्हणून १९८ टाके घातले आणि हात २२ ऐवजी २० टाक्यांचा पडला, तर घेर होतो ९९.

यावर उपाय होता. पुढचा भाग बॉर्डरपर्यंत उसवायचा आणि एक नंबर जाड, म्हणजे ७ नंबरच्या सुयांवर पुन्हा विणायचा. पण उसवायचं म्हटलं की जाऊबाईंच्या पोटात दुखतं. त्यांनी काकूंना वाफेची इस्त्री करायला सांगितली, पुढचा भाग ओढून धरून. ॲक्रिलिक हा प्लास्टिकच्याच जातीचा धागा. जास्त उष्णता लागली की त्याची उसळी कायमची जाते. पुढचा भाग लांब झाला खरा, पण लुळा, चकचकीत, आणि बॉर्डर आवळायची बंद. असा स्वेटर परत जागेवर येत नाही, कितीही धुवा. शुद्ध लोकर असती तर ओली करून, टाचण्या लावून पसरून थोडंफार जमलं असतं. ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवायचीच नाही.

म्हणून तुम्ही चौकोन विणा. तेही सरळ नाहीत, कोपऱ्यातून सुरू होणारे तिरके चौकोन. त्यांचं माप टाक्यांवर ठरत नाही, टेपवर ठरतं, त्यामुळं आज हात घट्ट आणि उद्या सैल असला तरी चौकोन तेवढाच होतो. ८ नंबरच्या सुईवर ४ टाके घाला, एक ओळ सुलट विणा (सुलट म्हणजे लोकर मागं ठेवून घातलेला साधा टाका). पुढं प्रत्येक ओळ एकसारखी: २ सुलट, लोकर पुढं घ्या, उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि काठाला बारीक जाळी पडते. सुरुवातीच्या कोपऱ्यापासून सुईपर्यंतचा तिरका काठ १५ सेंटीमीटर भरला की थांबा. सुईवर तेव्हा साधारण ४५ ते ४८ टाके असतील, एखाद-दुसरा कमी-जास्त असला तरी चालतं. मग घटवायचं: १ सुलट, २ एकत्र, लोकर पुढं, पुन्हा २ एकत्र, उरलेले सुलट. ४ टाके राहिले की बंद करा. असे २४ चौकोन चार बाय सहा जोडले की ६० बाय ९० सेंटीमीटरची बाळाची गोधडी होते, लोकर लागते ३०० ग्रॅमच्या आसपास. सहाच झाले तर उशीचा अभ्रा करा. एकच झाला तर गरम भांड्याखाली मात्र ठेवू नका, ॲक्रिलिक वितळतं.

त्याच्या आधी ३० टाके घालून नुसतं सगळं सुलट विणून हात बसवा. दुहेरी धाग्यानं टाके घालताना टाक्याला दीड-दोन सेंटीमीटर धरून शेपूट सोडायचं, म्हणजे ३० टाक्यांना ६० सेंटीमीटर आणि वर एक वीत. पहिले टाके हमखास आवळले जातात. दोन्ही सुया एकत्र धरून त्यावर टाके घाला आणि मग एक काढून घ्या. एक ओळ सुलट आणि एक उलट असं विणाल तर पट्टी सुरळीसारखी गुंडाळेल. ती तुमची चूक नाही, त्या विणीचा स्वभावच तसा आहे: बाजूचे काठ मागं वळतात, खालचा-वरचा पुढं. सगळं सुलट विणलं की दोन्ही बाजूंना सारखे वळ येतात आणि पट्टी सपाट राहते. दोन ओळींचा एक वळ, त्यामुळं मोजणंही सोपं.

बहुतेकींचे ३० टाके चार दिवसांत ३४ होतात. ओळ सुरू करताना लोकर सुईवरून मागं ओढली गेली की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात आणि एकाचे दोन दिसतात. ओळ फिरवल्यावर लोकर खाली ओढून घ्या आणि मगच सुई घाला. मध्येच भोक पडून टाका वाढला असेल तर लोकर चुकून पुढं राहिलेली असते. ओळ अर्धवट सोडून दाराला जाऊन आलात तर लोकर ज्या सुईला लोंबते ती उजव्या हातात धरायची. उलट धरली की एका बाजूला दोन ओळी जास्त आणि पट्टी तिरपी. शक्यतो ओळ संपवूनच उठा, कुकरच्या शिट्ट्या होऊ देत.

टाका निसटला तर आधी त्याला सेफ्टी पिन लावा, म्हणजे तो आणखी खाली धावणार नाही. मग क्रोशाच्या सुईनं एकेक पायरी वर चढवत आणा. सगळ्या सुलट विणीत एक पायरी पुढून घ्यावी लागते आणि पुढची मागून, नाहीतर त्या ठिकाणी वळ तुटलेला दिसतो. चूक तीन-चार ओळी खाली असेल तर सरळ सुई काढा आणि उसवा. शेवटची ओळ सावकाश, आणि टाके परत घेताना १० नंबरची बारीक सुई वापरा, ती सहज आत शिरते. उसवलेली लोकर कुरळी झालेली असते. खुर्चीच्या पाठीवर लडी करून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यातून काढा, सावलीत लटकवा.

मन शांत होण्याचं जे म्हणतात ते माझ्या मते उसवण्यात जास्त आहे. बदली उसवता येत नाही, नोकरी उसवता येत नाही, इथं चार ओळी मागं जाऊन पुन्हा तिथूनच सुरू करता येतं आणि लोकर तेवढीच राहते. पण अंगावर तारखेचं ओझं असेल, म्हणजे 'थंडीच्या आत मुलाचा स्वेटर झालाच पाहिजे', तर उसवताना रडूच येतं. जाऊबाईंना एवढंच कळत नाही. २०१३ साली ब्रिटनमधल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या एका नियतकालिकात साडेतीन हजारांवर विणणाऱ्यांची पाहणी छापून आली होती. जे वारंवार विणतात त्यांनी जास्त शांत वाटतं असं सांगितलं. आता, आधीपासून आवडीनं विणणाऱ्यांनाच विचारलं तर ते दुसरं काय सांगणार, हा आक्षेप मलाही मान्य आहे.

खरेदी करताना दुकानदार भुरभुरीत किंवा अनेक रंगी लोकर पुढं करेल, ती घेऊ नका, टाकाच दिसत नाही. काळी, गडद निळीही नको. फिकट, एकरंगी, गुळगुळीत पिळाची मध्यम जाडीची ॲक्रिलिक घ्या. वर्धमान, ओसवाल, गंगा, कुठलीही चालेल. सगळे गुंडे एकाच वेळी घ्या आणि वेष्टनावरचा डाय लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा, नंबर जुळवा, वेष्टन जपून ठेवा. सांगलीत मारुती रोड, कापडपेठ भागात जिथं अस्तर आणि लेस मिळते तिथं विचारा. दिवाळीनंतर माल जास्त असतो. सातारला जाणं-येणं असेलच, तर खण आळीतही चौकशी करा. सुयांच्या नंबराची एक गंमत लक्षात ठेवा: आपल्याकडं नंबर वाढला की सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर सव्वातीन. अमेरिकन नमुन्यातली ८ नंबरची सुई मात्र ५ मिलिमीटरची असते. नेटवरून नमुना घेतलात तर मिलिमीटर बघा, नंबर नाही.

आता सांगलीचा उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या आसपास जातो, तेव्हा दुपारी विणायला बसू नये. घामेजल्या हातानं ॲक्रिलिक ॲल्युमिनियमच्या सुईला धरून बसतं, टाका सरकत नाही, मग आपण आणखी ओढतो आणि सगळं आवळत जातं. सकाळी लवकर बसा, हात धुऊन कोरडे करा. बांबूच्या सुया मिळाल्या तर उत्तम. सुती धागा गार लागतो, पण तो लोकरीसारखा ताणला जात नाही, नवशिक्याचं मनगट दुखतं आणि टाके वेडेवाकडे दिसतात, म्हणून पहिले चौकोन ॲक्रिलिकचेच करा. चौकोनाचा इथं आणखी एक फायदा: मांडीवर लोकरीचा ढीग नसतो.

स्वेटर कधी, तर नव्या घरात जरा रुळल्यावर. तेव्हाही आधी नमुन्याचा छोटा तुकडा विणा. १५ सेंटीमीटर रुंद, ज्या विणीत स्वेटर करायचा त्याच विणीत, धुवून, वाळवून, कडेचे टाके सोडून मधले १० सेंटीमीटर मोजा. जाऊबाई नमुन्याला 'लोकरीची नासाडी' म्हणतात. १५-२० ग्रॅमची नासाडी वाचवायला त्यांच्या सल्ल्यानं काकूंची पाव किलो लोकर गेली, हे मी त्यांना सांगून झालंय.

दोन गोष्टी राहिल्या. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त विणू नका, मान आणि खांदे मोकळे करा. अंगठा किंवा पहिली बोटं बधिर व्हायला लागली, रात्री मुंग्या यायला लागल्या तर सुया खाली ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, 'सवयीनं जाईल' म्हणून विणत राहिलं तर वाढतं. आणि आठवडे आठवडे झोप येत नसेल, जेवण जात नसेल, तर तेही डॉक्टरांनाच सांगायचं. विणकाम त्याच्या जोडीला चालू ठेवा, त्याच्याऐवजी नको.