‘स्वामींनी वाचवलं’, पण मला दिवा लावावासा वाटत नाही

“मॅडम, माझी श्रद्धा गेली का हो?”

मी समुपदेशक. हा प्रश्न माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येतो. कधी मोठ्या ऑपरेशननंतर, कधी घरातलं माणूस गेल्यावर, कधी अपघातातून सगळे सुखरूप सुटल्यावर. तो शेवटचा प्रकार लोकांना जास्त छळतो. वाचलो आहोत, मग देवापुढे हात का जोडवत नाहीत? हे पाप तर नाही ना? त्यातलीच एक गोष्ट सांगते. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई (इथे त्यांना ताईच म्हणते) सांगलीकडच्या. घरात नवरा, सासूबाई आणि ११ वर्षांची मुलगी. डिसेंबरात चौघं स्वतःच्या गाडीने मनालीला गेले. दोन हजार किलोमीटरच्या वर अंतर, वाटेत मुक्काम. मागच्या काचेवर ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’, डॅशबोर्डवर स्वामी समर्थांची छोटी मूर्ती. आपल्याकडच्या निम्म्या गाड्यांत असते तशीच.

मनालीत बर्फ नव्हता, म्हणून अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला जायचं ठरलं. हा बोगदा ९.०२ किलोमीटरचा, २०२० साली सुरू झाला. त्याआधी रोहतांगची खिंड बर्फाने बंद झाली की पलीकडच्या लाहौल खोऱ्याकडे महिनोन्‌महिने गाडी जायची नाही. आता नाश्ता करून निघालेला माणूस दुपारच्या आत दहा हजार फुटांवर बर्फात असतो, अंगात आपल्याकडचं जॅकेट आणि गाडीला आपल्याकडचे टायर. सकाळी हॉटेलवाला म्हणाला होता, “आज मौसम बिगड़ेगा. अपनी गाड़ी यहीं रहने दो, फोर बाय फोर ले जाओ.” ताईंचे यजमान हसले. दोन हजार किलोमीटर चालवत आलोय, आता शेवटच्या चाळीसला टॅक्सी करू?

दुपारी बर्फ सुरू झाला. परतताना बोगद्यातून मनालीच्या बाजूला बाहेर पडले तर पुढे गाड्यांची रांग. उताराचा रस्ता, त्यावर गोठलेल्या पाण्याचा पातळ थर. तिकडे त्याला ब्लॅक आइस म्हणतात. तो दिसतच नाही, रस्ता नुसता ओला आहे असं वाटतं. यजमानांनी ब्रेक दाबला. गाडी अर्धी फिरली आणि घसरत जाऊन डोंगराच्या कडेला साठलेल्या बर्फात रुतली. दुसऱ्या कडेला दरी होती.

कुणाला खरचटलंही नाही. पुढचे सात तास मात्र तिथेच गेले. यजमान पोलिसांना शोधायला पुढे चालत गेले. हीटर हवा म्हणून इंजिन चालूच. मुलगी म्हणायला लागली, डोकं दुखतंय, झोप येतेय. तेवढ्यात एका स्थानिक ड्रायव्हरने काचेवर टकटक केली. “दीदी, सायलेंसर बर्फ में दब गया है. शीशा खोलो, नहीं तो सब सो जाओगे.”

ताई खाली उतरल्या. फावडं कुठलं असणार? पोळ्यांच्या स्टीलच्या डब्याचं झाकण होतं. त्या झाकणाने सायलेन्सरभोवतीचा बर्फ उकरला. मग दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. आत सासूबाई नातीला मांडीवर घेऊन जप करत होत्या. तिला झोपू देत नव्हत्या, मणी मोजायला लावत होत्या. १०८ झाले की पुन्हा पहिल्यापासून.

घरी आल्यावर यजमानांनी पेढे वाटले. जो भेटेल त्याला तीच गोष्ट. गाडी दरीच्या बाजूला गेली असती, स्वामींनी अलीकडे वळवली. गोष्ट रोज थोडी थोडी घोटीव होत गेली. तिच्यात हॉटेलवाला नव्हता. झाकणही नव्हतं.

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा महिना होऊन गेला होता. रात्री दोनदा-तीनदा दचकून उठायच्या आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायच्या. जानेवारीतली थंडी, नवरा उठून बंद करायचा, मग भांडण. संध्याकाळचा दिवा सासूबाईच लावायच्या. “देवघरासमोर गेले की राग येतो. मग रागाचीच भीती वाटते.”

इथे मी चुकले. ‘श्रद्धा’ हा शब्द त्यांनीच आणला होता, म्हणून दीड भेट मी त्याच शब्दाभोवती फिरत राहिले. त्या रात्री देवाला काय म्हणालात, आता काय म्हणावंसं वाटतं वगैरे. त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, “काहीच नाही म्हटलं. सुचलंच नाही. मी झाकणाने बर्फ काढत होते.” आणि रडायला लागल्या. संकटात देवाचं नावही तोंडात आलं नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं. मग मी साधं विचारलं: राग नेमका कधी येतो? थोडं थांबून म्हणाल्या, “हे ‘स्वामींनी वाचवलं’ म्हणतात ना, तेव्हा.”

राग मूर्तीवर नव्हता. त्या एका वाक्याने घरात बोलणंच बंद पडलं होतं. वाक्य खोटं आहे असंही ताईंना म्हणायचं नव्हतं. पण ते एकदा उच्चारलं की पुढे काही विचारायची सोय उरत नव्हती. सकाळी कुणी काय सांगितलं होतं, कुणाची बोटं बधिर झाली, पोरगी किती पेंगत होती. देवाचं नाव घेतलं की विषय संपला. आणि त्यावर बोलेल ती नास्तिक.

भर म्हणून मुलीने मोबाईलवर काहीतरी पाहिलं. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात गाड्या अडकून २० हून जास्त माणसं गेली, त्यातली बरीचशी गाडीत साठलेल्या, इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने गेली असावीत. ना वास ना रंग. डोकं जड होतं, झोप येते. मुलीने आजीला विचारलं, “त्यांनी पण देवाचं नाव घेतलं असेल ना?” आजी गप्प. बाबा ओरडले. ताई रात्री खिडक्या उघडत राहिल्या.

मुलीला काय सांगू, हे ताईंनी विचारलं. मी म्हटलं, “हो, घेतलं असेल, एवढंच सांगा. पुढचं माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.” मुलांना आपली अर्धवट उत्तरं चालतात. दटावणं मात्र त्यांच्या पक्कं लक्षात राहतं.

त्याच आठवड्यात त्यांना एकदा मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. अशा प्रसंगानंतर पहिले काही दिवस दचकणं, झोप उडणं, तेच चित्र डोळ्यांपुढे येणं हे पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही ओसरत नसेल तर तपासून घ्यावं, आणि तेवढं काम जपाने किंवा समुपदेशनाने भागेल असं मानू नये. गावात डॉक्टर नसेल तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. ताईंना औषधं लागली नाहीत. खिडक्यांसाठी एक तोडगा काढला: झोपताना एक खिडकी ठरवून उघडी, आणि तिला कुणी हात लावायचा नाही.

चौथ्या भेटीला सगळे आले. यजमान बसतानाच म्हणाले, “तुम्ही देवाधर्माच्या विरोधात बोलणार असाल तर…”

बोलणार नव्हते. जपाला मी कधी हलकं समजले नाही. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली लोकांना लॅटिनमधली माळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ म्हणायला लावून मोजलं होतं. दोन्हींनी श्वास संथ होऊन मिनिटाला सहाच्या आसपास येत होता. गाडीतल्या आजींनी नातीला जागं आणि शांत ठेवलं ते त्या माळेच्या जोरावरच. हे सगळं मी त्यांना सांगितलं. मग म्हटलं, मला तो दिवस नाश्त्यापासून सांगा.

ते नाश्त्यावरच अडले. पोहे नव्हते, आलू पराठा होता, एवढं सांगून थांबले. आजींनी वाट पाहिली आणि मग माझ्याकडे न बघता मुलाला म्हणाल्या, “स्वामी मागं हाईत म्हणून काय दरीत घालायची व्हय गाडी?”

मला हसू आलं. अशा वेळी येऊ नये, पण आलं. ताईही हसल्या. यजमान पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसले होते. “सांगितलं होतं त्याने,” म्हणाले. “गाडी ठेव म्हणाला होता.” मग सलग बोलले. डोळे मिटले की पायाखाली ब्रेकचं पेडल लागतं. महिनाभर तेही झोपले नव्हते. दरी आठवायला लागली की ‘स्वामींनी वाचवलं’ म्हणायचे, तेवढ्यापुरतं थांबायचं. ताईंना हे माहीत नव्हतं. ज्या वाक्याने त्यांचा गळा दाबला जात होता, त्याच वाक्याला धरून नवरा कसाबसा उभा होता.

मुलीने विचारलं, “बाबा, त्या ड्रायव्हरकाकांच्या गाडीत पण देवीचा फोटो होता. आणि चाकांना साखळ्या पण होत्या. आपल्याकडे का नव्हत्या?”

“मी घेतल्या नाहीत,” बाबा म्हणाले. माझ्या मते त्या तासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच.

दिव्याबद्दल मी काही सुचवलं नाही. लावा असंही नाही, नका लावू असंही नाही. घरच्यांनाही सांगितलं होतं, टोकू नका.

फेब्रुवारीत नवस फेडायला सगळे अक्कलकोटला गेले, त्याच गाडीने. ताईंनी नंतर फोनवर सांगितलं. पहाटे निघाले, मंगळवेढ्याच्या अलीकडे दाट धुकं लागलं, पुढच्या ट्रकचा दिवाही दिसेना. कुणी काही बोलायच्या आत यजमानांनी गाडी टपरीला लावली. तासभर थांबले, दोन-दोन चहा झाले. डबाही तिथेच उघडला. पोळ्यांचा, तोच, झाकणाला पोचा आल्यामुळे ते आता नीट बसत नाही, दाबून लावावं लागतं. अभिषेकाची वेळ चुकली म्हणून आजी सोलापूर येईपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत.