नळी नको, रक्तावर कळत नाही का?

वडील जठराच्या कॅन्सरने गेलेल्या एक ताई भावाला घेऊन आल्या होत्या. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) कॅन्सरपेक्षा त्यांना एंडोस्कोपीची, म्हणजे घशातून नळी घालून जठर बघायच्या दुर्बिणीची, धास्ती जास्त. हेल्थ पॅकेजचा रिपोर्ट पुढे करत म्हणाल्या, "मॅडम, सीईए नॉर्मल आहे. म्हणजे दुर्बीण टळली ना?"

नाही टळत. सीईए ही काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारी एक खूण; पण जठराचा कॅन्सर सुरुवातीचा असताना तो बहुतेकदा नॉर्मलच येतो. पॅकेजात तो का घालतात, ते विकणाऱ्यांनाच ठाऊक.

रक्तावर कामाची तपासणी आहे ती पेप्सिनोजेनची, म्हणजे जठराच्या अस्तरात बनणाऱ्या पाचक रसातल्या एका घटकाची. त्याचे 1 आणि 2 असे दोन प्रकार. जठराचं अस्तर वर्षानुवर्षं सुजून झिजत गेलं की पेप्सिनोजेन 1 घटतं, 2 तितकंसं घटत नाही. 1 हे मिलिलिटरला 70 नॅनोग्रॅम किंवा त्याखाली आणि दोघांचं गुणोत्तर (1 भागिले 2) 3 किंवा कमी, हा अस्तर झिजल्याचा जपानमधला रुळलेला निकष. जोडीला अस्तराला सूज आणणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची अँटिबॉडी पाहतात. पण यातून जमिनीचा कस कळतो, पीक उगवलंय का ते नाही. दुर्बीण कुणाला आधी हवी, एवढीच ही चाळणी. आणि अस्तर न झिजता होणारे काही कॅन्सर तिच्यातून निसटतातही.

"रोजची काही गोळी?"

"अ‍ॅसिडिटीची, पॅन्टोप्राझोल. सकाळी अनशापोटी."

या गोळीने पेप्सिनोजेन वाढतं, त्यामुळे झिजलेलं अस्तरही धडधाकट भासू शकतं. मग वजनाचं विचारलं. ताई गप्प. भाऊच बोलला, "ब्लाऊज सगळे सैल झालेत तिचे. आणि संडासला काळं होतं म्हणत होती." त्याच रिपोर्टात हिमोग्लोबिन 8 होतं, तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

इथे चाळणीचा विषय संपला. स्क्रीनिंग तक्रार नसलेल्यांसाठी असतं. काळी शौच, घटतं वजन, कमी रक्त, गिळताना अडकणं यांपैकी काहीही असेल तर थेट दुर्बीण. घशात बधिर करणारा स्प्रे मारतात, हवं तर गुंगीचं इंजेक्शन देतात, बघण्याचं काम काही मिनिटांचं, हे सांगितल्यावर त्या तयार झाल्या.

जठरात अल्सर निघाला. बायोप्सीत कॅन्सर नव्हता, जंतू होता. चौदा दिवसांचं औषध झालं. अल्सर भरला का हे बघायला पुन्हा दुर्बीण, यावर मात्र ताई माझ्यावर चिडल्या.

भावाला तक्रार काहीच नव्हती, गोळीही नव्हती. पेप्सिनोजेन आणि शौचातली जंतूची तपासणी खरी त्याच्यासाठी होती. ती मी त्याला डॉक्टरांकडून लिहून घ्यायला सांगितली.