पूर आला तर नेमकं कोणाकडे जायचं: एनडीआरएफ, कलेक्टर की तलाठी?

थेट एनडीआरएफला, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला, फोन लावायच्या भानगडीत पडू नका. ती तुकडी जिल्हा प्रशासनाच्या मागणीवरून येते. महाराष्ट्रासाठीची त्यांची ५वी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे.

२००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने तीन पातळ्यांवर प्राधिकरणं केली. देशाच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याच्या मुख्यमंत्री, जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी. आपल्या दृष्टीने खरं महत्त्वाचं ते तिसरं. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, आताच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. शहरात राहत असाल तर महापालिकेचा कक्ष आणि अग्निशमन दल आधी पोहोचतं.

कोल्हापूरचं उदाहरण घ्या. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात: ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पावसाळ्यात तिथली माणसं हवामानाआधी हा आकडा विचारतात! ३९ला पाणी टेकलं की सामान वर चढवायला घ्या, ४३ची वाट बघत बसू नका.

पाणी ओसरल्यावर मात्र सगळा कारभार तलाठ्याभोवती फिरतो, कारण पंचनामा झाल्याशिवाय मदत मिळत नाही. म्हणून चिखल काढण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, मेलेलं जनावर, सगळ्याचे फोटो काढा. घर धुऊन लख्ख केलं आणि मग तलाठी आला, तर त्याला दाखवणार काय?