गोदामातली फोर्कलिफ्ट बाहेरच्या कच्च्या जमिनीवर चालवायची असेल तर काय काळजी घ्यावी?

गोदामात दोन वर्षं गाडी चालवलीत आणि आता बाहेरच्या खडबडीत आवारात माल उतरवायला सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. आधी टायर बघा. गुळगुळीत सॉलिड टायर असतील आणि गाडीचं पोट जमिनीला लागून असेल, तर सरळ नाही म्हणा. ती गाडी सपाट फरशीसाठी आहे.

गाडी योग्य असली तरी मी आधी तो रस्ता पायी चालतो, जागोजागी टाच रोवून बघतो. माल उचलल्यावर बहुतेक वजन पुढच्या दोन चाकांवर येतं, त्यामुळे टाच रुतते तिथे चाक रुतणारच. एकदा मात्र बुजवलेला चर माझ्या नजरेतून सुटला. वरची माती चोपून अगदी घट्ट दिसत होती. डावं पुढचं चाक खचलं, सीट खालून निसटल्यासारखी कलली आणि पॅलेटचा, म्हणजे मालाखालच्या फळ्यांच्या चौकटीचा, कोपरा जमिनीला टेकला. फोर्क, म्हणजे माल उचलणारे पुढचे लोखंडी दात, वीतभरच वर होते, म्हणून गाडी तिथेच थांबली.

माल वर असता तर? गाडीला चार चाकं असली तरी मागचा ॲक्सल (मागची दोन चाकं जोडणारा दांडा) मधोमध डुलता असतो, म्हणून तोल तीनच बिंदूंवर असतो: पुढची दोन चाकं आणि मागचा मधला. पुढच्या चाकांत एक मीटर अंतर धरा. एक चाक 5 सेंटिमीटर खाली गेलं, की 3 मीटर उंचीवरचा माल साधारण 15 सेंटिमीटर बाजूला झुकतो. म्हणून चालताना फोर्क 15-20 सेंटिमीटरवर, मास्ट (ज्यावर फोर्क वर-खाली होतात तो पुढचा उभा सांगाडा) मागे झुकलेला, वेग माणसाच्या चालीचा. माल वर घ्यायचा तो गाडी सपाट जागी पूर्ण थांबल्यावरच.

उतारावर भरलेल्या गाडीचा माल कायम चढाच्या बाजूला हवा, म्हणजे चढताना पुढे आणि उतरताना रिव्हर्स. रिकामी असेल तर उलट, फोर्क उताराकडे. उतारावर वळायचं नाही, आडवंही जायचं नाही.

आणि बेल्ट. बाहेर गाडीतून सारखं चढ-उतर करावं लागतं म्हणून लोक तो लावत नाहीत, याचा मला फार त्रास होतो. गाडी कलंडायला लागली की उडी मारावीशी वाटते, आणि उडी मारणारा बहुधा वरच्या लोखंडी छताखालीच सापडतो. आत बसून राहा, स्टिअरिंग घट्ट धरा, पाय रोवा आणि गाडी पडतेय त्याच्या विरुद्ध बाजूला झुका.