दोन मांडव्या

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

कच्छची मांडवी आणि ओमान यांच्यावर लिहायला घेतलंस, मनापासून आनंद झाला. पण दप्तरं उघडण्याआधी आपल्या वडोदऱ्याच्या मांडवीच्या कमानींखाली जाऊन उभी राहा. लहेरीपुरा, पाणी दरवाजा, चांपानेर, गेंडी, चारही दरवाजांच्या वाटा तिथे मिळतात. मांडवी म्हणजे जकातीची जागा. कच्छच्या राव खेंगारजींनी १५८० च्या सुमारास समुद्राकाठी वसवलेल्या गावाचं नावही तेच, आणि तुझ्या विषयाची किल्ली मला त्या जकातीत दिसते.

मग घरी येऊन आजीच्या ओटीच्या सामानातली खारीक हातात घे. ओमानात मबसली जातीचा खजूर पुरता पिकायच्या आत उतरवतात, मोठाल्या कढयांत उकळतात आणि उन्हात वाळवतात. पिढ्यान्‌पिढ्या त्याचं मोठं गिऱ्हाईक आपला देश. खण, नारळ, हळकुंडाबरोबर आपल्या बायकांच्या ओटीत समुद्रापलीकडचा हा माल पडत आला, आणि कुणाला तो परका वाटला नाही. खारकेवर एक अख्खं प्रकरण लिही, घाई करू नकोस.

कच्छच्या मांडवीत रुक्मावती नदीच्या काठी अजून लाकडी जहाजं बांधतात. फळ्यांच्या फटींत कापूस ठासणारे हात मी तासभर बघत बसलो होतो. तूही बघ. १८७० साली रामदास ठाकरसी याच मांडवीहून मस्कतला गेले; त्यांच्या घराण्याची पेढी तिथे आजही आहे, आणि पुढे त्यांच्या वंशातल्या कनकसी खिमजींना ओमानने ‘शेख’ केलं. रुपयाचंही टिपून ठेव: १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, ओमानात त्या १९७० पर्यंत चालल्या.

तुझ्या मसुद्यात मात्र सगळं गोड गोड आहे, ते मला पटलं नाही. ओमानचे सुलतान सय्यद सईद पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर जाऊन राहिले. तिथल्या जकातीचा मक्ता कच्छच्या जयराम शिवजींच्या पेढीकडे होता आणि त्या जकातीत गुलामांवरची वसुलीही होती. पेढीचं वैभव लिहिलंस, तर ही वसुलीही त्याच पानावर लिही, तळटीपेत ढकलू नकोस.

रविवारी ये. येताना आजीला विचारून ये, तिच्या लग्नातली खारीक कुठल्या दुकानातून आणली होती.

तुझे,
सर